घटातलं धान दिव्याकडे का झुकतं

इंदूर, राजवाड्याच्या मागची गल्ली, सकाळचे सहा. हे काकूंचं देवघर, म्हणजे खरं तर जिन्याखालचा कोनाडा, उन्हाची तिरीपसुद्धा इथे येत नाही. घट बसून आज पाचवा दिवस आणि परडीतले गहू बघा, कोंब सगळे पिवळे, आणि झाडून सगळे नंदादीपाकडे झुकलेले. काकू म्हणतात देवीला नमस्कार करतायत. पण देवी तर दिव्याच्या उजवीकडे आहे हो काकू!

पिवळे कारण हिरवा रंग बनवायची शेवटची पायरी गव्हाला उजेडाशिवाय चढता येत नाही, आणि नंदादीपाचा उजेड त्याला पुरत नाही. पण वाकायला पुरतो. अगदी मिणमिणता असला तरी.

हा टाइमलॅप्स नीट बघा. नंदादीप हलवायचा नसतो, म्हणून आम्ही मागच्या खोलीत वेगळ्या वाटीत गहू पेरले आणि समई एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवली. दोन-तीन तासांत अख्खी वाटी वळते. आता या चार कोंबांना चांदीच्या कागदाच्या टोप्या घातल्यात, पानसुपारीला गुंडाळतात ना तोच कागद (यातल्या दोन टोप्या पडल्या, ते तुम्हाला दिसेलच). टोपीवाले सरळ उभे, बाकीचे वाकले. १८८० मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी कॅनरी गवताच्या कोंबांवर हेच केलं होतं, उलट खेळही केला, टोक उघडं ठेवून खालचा भाग काळ्या वाळूत पुरला, तरी कोंब वाकला. म्हणजे बघतं टोक आणि वाकते मान, मग मधे निरोप कोण नेतं? ते कळायला १९२८ उजाडलं, वेंट नावाच्या डच माणसाने ते रसायन जिलेटिनसारख्या अगारच्या तुकड्यात उतरवून दाखवलं. ऑक्सिन. ते अंधाऱ्या बाजूला जास्त सरकतं, तिकडच्या पेशी लांबतात, कोंब उजेडाकडे कलतो. बस, एवढंच, आणि तरी मी हा शॉट वीस वेळा बघितलाय.

वरच्या मजल्यावर काकूंच्या मुलाचं शेल्फ, दिव्यांखाली रोपं वाढवायचं. हा गुलाबी उजेड म्हणजे लाल आणि निळे एलईडी, हिरवा नाहीच, म्हणून पानं काळपट दिसतायत, आजारी नाहीयेत. वाकवणारा निळा. लाल वेगळंच काम करतो, १९५२ मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला लेट्यूसच्या बियांवर दिसलं की लाल उजेड दिला की बी उगवतं, लगेच त्याच्यापलीकडचा गडद लाल दिला की थांबतं, शेवटचा जो दिला तोच खरा. डोक्यावर दुसऱ्याची पानं आली की झाडाला हा गडद लालच जास्त मिळतो, मग ते सावलीतून सुटायला उंच पळतं. खालच्या कप्प्यातली मोहरी लांबुळकी होऊन आडवी पडली, तिला मात्र उजेडच कमी होता. वीजबिलही वाढलं, असो.

मला जास्त बोलायचंय ते या गच्चीतल्या शेवंतीबद्दल. दोन वर्षं पानं भरपूर, फूल नाही. खत घातलं, कुंडी बदलली. वर बघा, ट्यूबलाईट, रात्री बारापर्यंत चालू. शेवंती रात्र मोजते हो, सलग लांब रात्र मिळाली तरच कळी धरते, मधे दिवा लागला की तिच्यासाठी रात्र तुटली. शेल्फवाले लोक चोवीस तास दिवे लावून ठेवतात ना, त्यांनी हे बघावं.

म्हणून शेवंतीला लांब रात्र द्यायची, संध्याकाळी सहाला तिच्यावर खोका पालथा घालायचा, सकाळी आठला काढायचा. काकूंनी एक दिवस चुकवला नाही. आमचं शूटिंग दसऱ्याला संपलं, धान मामांच्या टोपीत खोचलं गेलं तो शॉट आहेच. हा पुढचा मात्र काकूंनी दिवाळीनंतर स्वतःच्या मोबाईलवर काढलाय, थोडा हलतोय.