माळ गोव्याची, डुक्कर कुठलं?

(पहाट. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतलं एक परसू. पत्र्याच्या शेडमध्ये पिवळा बल्ब.)

साडेतीन वाजलेत. डुकरीण काल दुपारपासूनच अस्वस्थ होती. तोंडानं पेंढा ओढायची, कोपऱ्यात रचायची, पुन्हा विस्कटायची. मालकानं तेव्हाच ओळखलं की आजची रात्र जागायची. विण्याचा हिशेब त्याच्या तोंडपाठ आहे: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस.

पहिलं पिल्लू आलं. नाळ ओली आहे, पाय धड उभे राहत नाहीत, तरी ते सडाच्या दिशेनं निघालंय. कुणी शिकवलं नाही, कुणी ढकललं नाही. जुन्या चादरीच्या फडक्यानं पुसायचं, नाळेला दोरा बांधायचा, कापायची, आयोडीन लावायचं आणि बल्बखाली ठेवायचं. पिल्लाला ऊब स्वतःची स्वतः धरता येत नाही.

आता हे जवळून बघा. जन्मतःच आठ टोकदार दात. दूध पिताना सड सोलून निघू नयेत म्हणून मालक छोट्या कटरनं त्यांची टोकं काढतो. दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपापला सड ठरवून घेईल आणि दूध तुटेपर्यंत शेजाऱ्याच्या सडाला तोंड लावणार नाही. पुढच्या सडांना दूध जास्त, म्हणून भांडण सगळं पुढे.

उजाडलं तेव्हा अकरा होती. आता दहा आहेत.

(तिसरा दिवस. इंजेक्शन.)

हे लोहाचं इंजेक्शन. आईच्या दुधात लोह अगदी कमी, आणि खाली सिमेंटची फरशी. हे टोचलं नाही तर पिल्लं पांढरी पडतात, वाढ खुंटते. मातीत नाक खुपसून वाढणाऱ्या पिल्लाला मात्र लोह मातीतूनच मिळायचं.

(आगोंद, काणकोण. काळं डुक्कर, लांब नाक, पाठीवर राठ केस.)

मातीतलं पिल्लू म्हणजे हे. आगोंद गावाचं नाव मिळालेली ही गोव्याची गावठी जात, 'अगोंदा गोवन'. देशाच्या नोंदणीकृत डुकरांच्या जातींमध्ये बंगालच्या घुंगरूबरोबर, मेघालयच्या न्यांग मेघाबरोबर हिचं नाव आहे. अंगानं लहान, वाढायला सावकाश. पण ऊन सोसतं, पाऊस सोसतं, आणि मिळेल त्यावर जगतं.

मिळेल त्यावर म्हणजे काय, हे जुन्या गोवेकरांना सांगायला नको. ही घरामागची दगडी खोली बघा. वर बसायची जागा, खाली उतार, आणि उताराच्या तोंडाशी डुक्कर. पाहुण्यांच्या फजितीचे किस्से अजून रंगवून सांगितले जातात. पण त्याच वाटेनं पट्टकृमीची अंडी डुकरात, मांसातून पट्टकृमी माणसात, आणि कधी अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्यांतल्या अळ्या मेंदूपर्यंत पोचायच्या. फ्लशचे संडास आले, ते बरंच झालं. घरटी एक-दोन डुकरं पाळायची चालही हळूहळू त्यांच्याबरोबर गेली.

(मे महिना. अंगण. परातीत मांस.)

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज. मांसाचे अंगठ्याएवढे तुकडे, चरबीसकट. चरबी काढली तर चोरीस कोरडं लाकूड होतं. जाडं मीठ चोळून वर पाटा ठेवलाय. रात्रभरात पाणी सुटेल. सकाळी ते ओतून द्यायचं, तुकडे उन्हात टाकायचे.

मसाला वाटताना पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. सुकी लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, जिरं, हळद, दालचिनी, लवंग. हे सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटायचं. या घरात वरून थोडी फेणी पडते, शेजारच्या घरात पडत नाही. दोन्ही घरं एकमेकांच्या चोरिसाला नावं ठेवतात. मसाल्यात मांस काही दिवस मुरतं, रोज हातानं वरखाली करायचं. मग धुऊन वाळवलेली आतडी, त्यांत अंगठ्यानं दाबत भरायचं, आणि दर दीड-दोन इंचांवर दोऱ्याची गाठ.

हा आवाज ऐका. गाठ ओढताना दोरा कुरकुरतो.

ज्या बोटांनी संध्याकाळी रोझरीचे मणी सरकवायचे, तीच बोटं सकाळी हे मणी बांधतात. माळ बांधणाऱ्या आंटींना हे बोलून दाखवलं तर त्या हसल्या आणि दुसरी माळ घेतली. उन्हात, मग चुलीवरच्या धुरात. पावसाळ्यात समुद्र बंद, मासळी नाही, म्हणून ही पुरुमेंताची बेगमी. पोर्तुगीज आपल्या सॉसेजची रीत घेऊन आले. त्यात माडाचं व्हिनेगर आणि मिरचीचा हा जाळ गोव्यानं घातला.

(टेम्पो. बर्फाच्या पेट्या उतरतायत.)

आणि हे मांस? ते या टेम्पोतून आलं. गोव्यात चोरिसांना लागणारं बरंचसं मांस शेजारच्या राज्यांतून, कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून येतं. माळ गोव्याची, डुक्कर घाटावरचं. हे देशभराचंच चित्र आहे म्हणा. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ९१ लाख डुकरं मोजली गेली, २०१२ पेक्षा १२ टक्क्यांनी कमी. खाणारे काही कमी झालेले दिसत नाहीत.

(पुन्हा साष्टी. मालक मक्याचा भरडा मापतोय.)

शेडमधल्या पांढऱ्या यॉर्कशायरला, या विलायती जातीला, मातीतलं खाऊन भागत नाही. मक्याचा भरडा, सोयापेंड, तांदळाचा कोंडा, क्षार. शेडच्या खर्चातला मोठा वाटा या पोत्यांचा. २०२३ नंतर इथेनॉलचे कारखाने मका ओढू लागले आणि भाव चढला. डुक्कर शंभर किलोच्या घरात जायला सात-आठ महिने. तोवर रोजचं माप चुकत नाही, विक्रीचा भाव मात्र व्यापारी ठरवतो. मालक माप झटकतो आणि एवढंच म्हणतो, "कितें करतलो?"

म्हणून ही बादली. हॉटेलचं खरकटं. भात, पाव, भाजीचे देठ, अर्धवट खाल्लेले केक. गोव्यात याला तोटा नाही. हे मोठ्या भांड्यात चढवून ढवळत तासभर उकळायचं, ही अट आहे. जळण महाग, वेळ कमी, आणि अट मोडायचा मोह कुणालाही व्हावा असा आहे.

(चुलीवरचं भांडं. वाफ.)

ही अट का, त्याची गोष्ट लिस्बनला घडली. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग केनियात १९२१ साली नोंदला गेला आणि पुढची पस्तीसेक वर्षं आफ्रिकेतच राहिला. १९५७ मध्ये लिस्बनच्या विमानतळाजवळच्या डुकरांना विमानातलं उरलंसुरलं अन्न घातलं गेलं, आणि रोग युरोपात उतरला. गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात होता, हा नुसता योगायोग. २०१८ मध्ये तो चीनमध्ये, २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात, २०२२ मध्ये केरळात वायनाडला पोचला. माणसाला त्याचा धोका नाही. डुकराला औषध नाही. व्हिएतनामनं लस वापरायला घेतली, आपल्याकडे ती नाही. रोग निघाला की किलोमीटरभराच्या आतली सगळी डुकरं मारून पुरतात.

(शेडच्या दारात चुन्याची पट्टी, पाय बुडवायचं टोपलं.)

सरकारी मदतही आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात पन्नास टक्के अनुदान मिळतं. शंभर माद्या, दहा नर असा प्रकल्प असेल तर ३० लाखांपर्यंत. नंतर ५० माद्या आणि ५ नरांपर्यंत अट खाली आली. या शेडमध्ये माद्या चार आहेत.

(जुने गोवे. प्रयोगशाळा, निळी पेटी.)

म्हणून आशा धरायची तर या पेटीकडे बघून. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत डुकरांच्या कृत्रिम रेतनाचं काम चालतं. गाईंसारखं गोठवलेलं रेत इथं सहसा चालत नाही. ते पातळच ठेवायचं, सतरा अंशांच्या आसपास, आणि काही दिवसांतच वापरायचं. चार माद्यांसाठी नर पोसणं ज्याला परवडत नाही, त्याला पेटीतली ही नळी परवडते. शिवाय नर गावोगाव फिरवला की रोगही फिरतो, तेही टळतं. यॉर्कशायरची वाढ आणि गावठीचा काटकपणा एकाच पिल्लात आणायचे प्रयत्नही चाललेत. साष्टीतली ती दहा पिल्लं असल्याच एका नळीची.

(शुक्रवार. म्हापशाचा बाजार.)

पंचेचाळीस दिवस झाले, दूध तुटलं. गोणीत घालून काट्याला लावलेली ही पिल्लं. चार विकली, सहा ठेवली.

आणि हा चोरिसांचा कोपरा. लाल माळा, मिरचीचा वास, पिशवीला लागलेलं तेल. गिऱ्हाईक एक मणी बोटांनी दाबून बघतं, नाकाजवळ नेतं, आणि विचारतं:

"गांवठी?"

विकणारी बाई माळ कागदात गुंडाळत असते. वर न बघता म्हणते, "चोरीस गांवठी."