समोरून येणाऱ्याला रस्ता कसा सांगावा

मंडळी, सायकलवर सामान बांधून दूरवर निघालेली दोन माणसं रस्त्यात समोरासमोर आली की थांबतात. मोटारवाले थांबत नाहीत, फटफटीवाले हात करून पुढे जातात, सायकलवाला मात्र पाय टेकवतो. पाणी पितो, दुसऱ्याला देतो, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "पुढं रस्ता कसाय?" आज मी बोलणार आहे ते या एका प्रश्नाच्या उत्तराबद्दल. माझं मत असं, की हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं दिलं जातं. खोटं कुणी बोलत नाही. पण जो तो आपल्याला रस्ता कसा लागला तेवढंच सांगतो. समोरचा उलट्या दिशेने चालला आहे, त्याला तो कसा लागेल, हे कुणी सांगत नाही.

आपल्या मराठवाड्याचंच बघा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर, नांदेड सुमारे 360 वर. गोदावरी पैठणहून गंगाखेडवरून नांदेडला जाते, कारण सगळा मुलूखच पूर्वेकडे कललेला आहे. जीपमध्ये बसून हे कधी कळत नाही, सायकलवर संध्याकाळी मांड्यांना कळतं. त्यात वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून असा लागतो, की परभणीहून जालन्याकडे निघालेला माणूस सपाट डांबरावर सगळ्यात हलक्या गिअरला येतो. त्याच दिवशी जालन्याहून परभणीला आलेला सांगतो, "एकदम मस्त रस्ता, पायडल मारायलाच लागत नाही." दोघंही खरं बोलतायत. हिवाळ्यात वारा फिरतो, तेव्हा उत्तरही फिरवायला हवं.

म्हणून उत्तर देण्याआधी विचारावं. कुठून निघालास, आज कुठवर जायचंय, ओझं किती, पाणी किती उरलंय. औट्रम घाटाचंच घ्या. चाळीसगावाकडून खानदेश सोडून वर येणाऱ्याला सांगायचं, की पहाटे घाटाला लाग आणि पायथ्याशी बाटल्या भरून घे. कन्नडकडून उतरणाऱ्याला ते सांगून काय उपयोग? त्याला म्हणायचं, ब्रेकची रबरं बघून घे, मागच्या कॅरिअरचं ओझं घट्ट बांध, वळणावर समोरची गाडी आतून येते. घाट एकच आहे, पण दोघांना तो दोन प्रकारे सांगावा लागतो.

आता पाण्याकडे येतो. आपल्याकडे याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ही गोष्ट या सभागृहात कुणाला सांगायला नको. बाहेरच्या प्रवाशाला मात्र ती माहीत नसते. तो नकाशावर नदी बघतो आणि निश्चिंत होतो. मांजरा दिसते, तेरणा दिसते, मार्चनंतर पात्रात वाळू आणि बाभळी. "पुढच्या गावात पाणी मिळेल" हे वाक्य मला अपुरं वाटतं. कुठे मिळेल ते सांगा. हापसा चालू आहे की नुसता दांडा हलतोय? पाण्याचं एटीएम आहे का, आणि त्याला लाइट लागते, ती दुपारी असते का? चैत्रात गुढीपाडव्यापासून गावोगाव पाणपोया लागतात. लाल फडकं गुंडाळलेले रांजण दिसले की पाणी गार असणार. पण सांगणाऱ्याने हेही सांगावं, की ती पाणपोई रस्त्याच्या कोणत्या हाताला आहे. दुभाजक असलेल्या हायवेवर पलीकडच्या बाजूची पाणपोई मे महिन्याच्या दुपारी फार लांब असते. आणि सांगताना त्याच्या डावी-उजवीने सांगा, आपल्या नाही.

मोबाइलमधला नकाशा आपल्याकडे फसवतो तो मुख्यतः पाणंदीत. तो दोन गावांमधली पाणंद जवळचा रस्ता म्हणून दाखवतो. उन्हाळ्यात ती खरंच चांगली असते, धुरळा असतो एवढंच. एक जोराचा पाऊस झाला की काळी माती टायरला गुंडाळते, मडगार्ड आणि टायरच्या मधे गच्च बसते आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल ढकलताही येत नाही, उचलून न्यावी लागते. आपण इथली माणसं हे जाणतो म्हणून कुणाला सांगायचं सुचतच नाही. केरळहून आलेल्या पोराला हे कोण सांगणार?

काट्यांचंही तसंच. सराटे आणि वेडी बाभूळ, दोन्ही आपल्याकडे मुबलक. सराटा पुष्कळ भोकं पाडतो, पण बारीक. वेड्या बाभळीचा काटा एकच भोक पाडतो आणि टोक मोडून टायरच्या रबरात राहतो. नवखा माणूस ट्यूब काढतो, पॅच लावतो, पुन्हा बसवतो आणि दोन किलोमीटरवर पुन्हा खाली उतरतो, कारण टोक आतच असतं. ते डोळ्याला दिसत नाही. टायरच्या आतल्या बाजूने चिंधी हळूहळू फिरवायची, जिथे धागा अडकेल तिथे काटा. मग बाहेरून अंगठ्याने टायर दुमडायचा, टोक आत वर येतं, ते नखकटरने किंवा चिमट्याने धरून ओढायचं. बोट फिरवू नका, रक्त निघतं. आणि काटा रुतलेला दिसला तरी हवा टिकून असेल तर उन्हात उपटत बसू नये, सावलीपर्यंत तसंच जावं. हे मला एका सायकलवाल्यानेच दाखवलं, डांबराच्या कडेला उकिडवं बसून, आपली चिंधी मला देऊन टाकून.

सुट्या भागांबद्दलची माहिती तर सोन्याच्या मोलाची. परदेशी प्रवाशाचं 700 सी मापाचं चाक आणि आपल्या दूधवाल्याच्या सायकलचं 28 इंची चाक लांबून सारखीच वाटतात. पण टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास पहिल्याचा 622 मिलिमीटर, दुसऱ्याचा 635. टायर बसत नाही म्हणजे नाही. रेंजर सायकलचं 26 इंची चाक 559 चं, त्याचा टायर तालुक्याला सहसा मिळून जातो. हवेचंही असंच. गावातल्या दुकानातला पंप साध्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या नळीला बसतो, महागड्या सायकलच्या बारीक प्रेस्टा नळीला बसत नाही. त्या नळीवर चढवायचा पितळेचा छोटा अडॅप्टर जवळ असला, की मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे काम होतं. रस्त्यात एखाद्या परदेशी पाहुण्याला असा एक अडॅप्टर काढून दिलात, तर जेवू घातल्याइतकं पुण्य लागेल.

बायका-मुली आता एकट्या किंवा दोघी-तिघी सायकलवर लांब निघतात, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांची आपसातली बोलणी वेगळी असतात आणि ती आपण पुरुषांनी ऐकायला हवीत. कोणत्या धाब्यावर स्वच्छ संडास आहे, कोणत्या पेट्रोल पंपावर किल्ली मागावी लागते, कोणत्या भक्तनिवासात एकट्या बाईला खोली देताना प्रश्न विचारतात. मला "तो धाबा चांगला आहे" म्हणजे पिठलं चांगलं एवढंच माहीत. तेवढ्यावर एखाद्या मुलीला मी तिथला मुक्काम सुचवू नये. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसेल, तर तिथून गेलेल्या दुसऱ्या बाईचा निरोप पोचवावा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा निरोप बहुतेकींकडून चांगला येतो. लंगर सगळ्यांना खुला, यात्री निवास मोठा, रात्री वर्दळ असते.

गावातली माणसं भेटली की प्रश्नांची सरबत्ती होते. "कुठून आलात? कामून आलात? याचे पैसे मिळतेत का?" दिवसातून कितीही वेळा झालं तरी उत्तर द्यावं, असं मी तरुण पोरांना सांगतो. विचारणारा रिकामटेकडा नसतो. तुमच्याबद्दल तो गावाला सांगणार असतो, आणि रात्री देवळाच्या ओसरीवर झोपायची वेळ आली तर तेच कामी येतं.

दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोड मजुरांच्या गाड्या निघतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, त्यावर संसार, पत्रे, कोंबड्या, लेकरं. आपण हौसेने रस्त्यावर, ते पोटासाठी. कुठे सावली, कुठे पाणी, कुठे रात्री थांबलं तर कुणी हटकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्यांना विचारावं, आणि आधी रामराम घालावा. हंगामात कारखान्याच्या रस्त्याने अंधारात सायकल चालवू नका, एवढंही सांगून ठेवतो. दोन ट्रॉल्यांच्या मागच्या टोकाला दिवा असेलच असं नाही, आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो.

15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघं 1928 मध्ये ती पूर्ण करून परतले. इराण, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन. मोबाइल नाही, बरोबर गाडी नाही. पुढचं पाणी कुठे, याचं उत्तर समोरून येणाऱ्या माणसाकडेच मागावं लागत असणार. ते उत्तर नीट देणारी माणसं भेटत गेली, म्हणून माणूस असा घरी परततो. त्यांच्यामागून मुंबईतून आणखीही तरुण निघाले.

शेवटी एक मागणं. तुमच्यापैकी पुष्कळांची घरं धुळे-सोलापूर रस्त्याला किंवा तुळजापूर-नांदेड रस्त्याला लागून आहेत. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे हे प्रवासी तुमच्याच दारावरून जातात. सायकलवाल्यांना एकमेकांच्या घरी उतरवून घेणारी वॉर्मशॉवर्स नावाची जगभरची मंडळी 1993 पासून आहे, तिच्यात नाव नोंदवा. ते नको असेल तर नुसतं अंगण द्या. लागतं ते फार नाही. एक बादली पाणी, सायकल आत घ्यायला जागा, मोबाइल लावायला प्लग, जमलं तर भाकरी आणि ठेचा. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन नोंदवावी लागते, घरी उतरवून घेतलं तरीही, तेवढं लक्षात ठेवा. पाहुणा पहाटे चारला उठेल, तेव्हा फाटकाची किल्ली रात्रीच त्याच्या हातात द्या, आणि पुढच्या वीस किलोमीटरचं पाणी त्याच्या दिशेने सांगा.