निऱ्यांना लावलेला चिमटा

(महिला सायकलस्वारांच्या मेळाव्यातील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. मला विषय दिलाय ‘महिला सायकलपटू आणि त्यांची प्रेरणास्थानं’. प्रेरणास्थान म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हार घातलेली तसबीर उभी राहते, आणि तसबिरीतली बाई कधी पंक्चर काढताना दिसत नाही. म्हणून आज दोन-चार तसबिरी भिंतीवरून खाली काढून त्यांची मागची बाजू बघायची आहे.

आधी माझी गोष्ट. मी पुण्यात वाड्यात वाढले. सायकल शिकले ती तासाच्या भाड्यानं आणलेल्या जेन्ट्स सायकलवर. नळीखालून पाय घालून हाफ पॅडल, मग नळीवरून, मग सीटवर, आणि मध्ये दोन्ही गुडघे फुटलेले. हा क्रम इथल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना पाठ असेल. आमच्या समोरच्या खोल्यांत एक नर्सबाई राहायच्या. रात्रपाळीला पांढरी साडी नेसून सायकलनं जायच्या. निघण्याआधी त्या निऱ्यांना कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायच्या, म्हणजे साडी चेनमध्ये जाऊ नये. बायका सायकल चालवतात हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. पण तो चिमटा पाहिला आणि मला वाटलं, अरे, हे तर जमण्यासारखं आहे.

तेव्हापासून मोठ्या सायकलस्वार बाईबद्दल वाचताना मी आधी हेच शोधते, की हिचा चिमटा कुठला? हिनं जमवलं कसं? पदकं, विक्रम नंतर. आपल्या ग्रुपमध्येसुद्धा दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करून आलेल्या बाईला पुरुष विचारतात, ‘किती तासांत?’ आणि बायका विचारतात, ‘बाथरूमचं काय केलंस गं? आणि घरी डबा कोणी केला?’

अ‍ॅनी लंडनडेरी घ्या. 1894 च्या जूनमध्ये बॉस्टनहून ही बाई जगप्रदक्षिणेला निघाली. नवरा आणि तीन मुलं घरी. निघायच्या आधी सायकलचे धडे घेतलेले मोजून दोन-तीन. खरं आडनाव कोपचोव्हस्की, पण ‘लंडनडेरी’ नावाचं बाटलीतलं पाणी विकणाऱ्या कंपनीनं शंभर डॉलर दिले, तर हिनं सायकलवर पाटी लावलीच, शिवाय स्वतःचं नावही तेच करून टाकलं. प्रायोजकाचं नाव आपण जर्सीवर घालतो, या बाईनं थेट स्वतःच्या ओळखीवर घातलं!

तर ही शिकागोपर्यंत लांब स्कर्टमध्ये, बायकांसाठीची 19 किलोंची सायकल ओढत गेली आणि तिथं तिच्या लक्षात आलं की असं होणं नाही. बायकांची सायकल बिननळीची का असते? स्कर्टसाठी. म्हणजे अडचण कपड्यांची, आणि तिचं ओझं वाहायचं सायकलनं. अ‍ॅनीनं शिकागोत निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली, स्कर्ट सोडला आणि ब्लूमर, म्हणजे घोळदार विजार, घातली. पुढचा बराच प्रवास तिनं बोटीनं केला, हेही सांगायला हवं. आणि बाई अस्सल थापाडी होती. हिंदुस्थानात आपण वाघांची शिकार केली, असं ती व्याख्यानांतून ठोकून द्यायची. मला ती त्यामुळे जास्तच आवडते. पैसा उभा करायचा होता, लोकांना वाघ हवा होता, तिनं वाघ दिला.

दुसरी आल्फोन्सिना स्त्रादा, इटलीची. चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यानं लग्नाची भेट म्हणून रेसिंगची सायकल दिली. (हशा) हसू नका, 1905 सालची गोष्ट आहे. 1924 ला जिरो द’इतालिया या शर्यतीत पैशांवरून वाद झाला आणि मोठे संघ आलेच नाहीत. आयोजकांना स्वार कमी पडायला लागले, म्हणून एकट्यानं येणाऱ्यांनाही प्रवेश मिळाला. त्या फटीतून ही आत शिरली. यादीत नाव लागलं ‘आल्फोन्सिन’, शेवटचा ‘आ’ गायब, म्हणजे वाचणाऱ्याला पुरुषच वाटावा. 3613 किलोमीटर, बारा टप्पे, आणि रस्ते म्हणजे दगड आणि चिखल. लाक्विलाहून पेरुजाला जाताना वादळी पावसात ती पडली, हँडल मोडलं. मग तिनं काय केलं? केरसुणीचा दांडा घेतला, हँडलच्या जागी बसवला आणि पुढे निघाली. वेळेच्या मर्यादेत पोचली नाही, म्हणून अधिकृत शर्यतीतून बाद झाली. पण लोक तिला बघायला रस्त्यावर येत होते, तेव्हा आयोजकांनी तिला स्पर्धेबाहेर का होईना, पुढे जाऊ दिलं. नव्वद जण निघाले होते, त्यातले तीस मिलानला पोचले. आणि यादीबाहेरची ही एकतिसावी. बाईच्या हाती केरसुणी देणाऱ्यांनी तिचा हा उपयोग कधी मनात आणला नसेल.

आता माझी सर्वांत लाडकी, बेरील बर्टन. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, मला थांबवू नका.

इंग्लंडात लीड्सजवळ मॉर्ली नावाचं गाव आहे, तिथली. लहानपणी ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला, कित्येक महिने इस्पितळात काढले. लग्नानंतर नवऱ्याच्या, चार्लीच्या, नादानं सायकलवर बसली. काम करायची रूबार्बच्या शेतात. रूबार्ब म्हणजे अळूच्या देठांसारखे लाल आंबट देठ असतात, ते उपसायचे, वाहायचे, म्हणजे दिवसभर कंबर वाकलेली. जन्मभर हौशी खेळाडू राहिली, सायकलिंग तिची नोकरी कधीच नव्हती. गाडी चालवायला आणि सायकल ठाकठीक ठेवायला चार्ली. ‘घरचं कोण बघत होतं’ याचं उत्तर इथं निदान अर्धं तरी मिळतं. आणि एवढ्यावर ती रोड रेसमध्ये दोनदा जगज्जेती झाली, ट्रॅकवरच्या परस्यूटमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकींना गाठायच्या शर्यतीत, पाचदा.

पण मला सांगायचाय तो 1967 सालचा दिवस. बारा तासांची टाइम ट्रायल होती. ज्यात जो तो एकट्यानं, घड्याळाशी लढत जातो. त्या दिवशी माइक मॅक्नमारा हा पुरुषांचा नवा राष्ट्रीय विक्रम करायच्या वाटेवर होता. बेरील त्याच्या नंतर सुटलेली. तिनं त्याला गाठलं. आता ओलांडायचं, पण गड्याला बरं कसं वाटावं? तिनं जर्सीच्या खिशात हात घातला आणि ज्येष्ठमधाची एक गोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली. ही पुढे निघून गेली. बारा तासांत सुमारे 446 किलोमीटर! त्याच दिवशी झालेल्या पुरुषांच्या नव्या विक्रमापेक्षा किलोमीटरभरानं जास्त. बायकांचा हा विक्रम पुढे पन्नास वर्षं कुणाला मोडता आला नाही.

आणि ही गोड बाई होती असं समजू नका. 1976 च्या राष्ट्रीय शर्यतीत हिच्याच मुलीनं, डेनिसनं, हिला शेवटच्या रेषेवर हरवलं. बेरीलनं पोटच्या मुलीशी हात मिळवला नाही. आमच्या ग्रुपमध्ये हे सांगितलं की दोघी-तिघी तोंड वाकडं करतात, ‘शी, आई अशी असते का?’ असते. एकोणचाळिसाव्या वर्षी ती त्या शर्यतीला मुलीचं कौतुक करायला आली नव्हती, जिंकायला आली होती. पुरुष खेळाडूचा असा हट्ट आपण ‘जिद्द’ म्हणून शाळेच्या फळ्यावर लिहितो.

आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं 2018 मध्ये, विशीत, 159 दिवसांत सुमारे 29 हजार किलोमीटर करून जगप्रदक्षिणा घातली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये सुऱ्याच्या धाकावर लुटलं, हे बहुतेकींनी वाचलंय. मुलाखतींत सगळे अस्वलाचं विचारतात. पण ठिकठिकाणच्या व्हिसानं तिला रखडवलं, त्यातही दिवस गेले. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मुलींनी अस्वलाआधी कागदपत्रांचं बघावं.

शेवटची गोष्ट एकीची नाही, लाखभर जणींची आहे. तमिळनाडूतला पुदुक्कोट्टई जिल्हा, 1991 च्या सुमाराची साक्षरता मोहीम. कलेक्टर होत्या शीला राणी चुंकत. शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांना गावोगाव पोचायला बसची वाट बघावी लागू नये, म्हणून त्यांनी सायकल हाच मोहिमेचा भाग केला आणि बायकांना सायकलसाठी बँकेची कर्जं मिळतील असं पाहिलं. अक्षरं आणि सायकल एकदमच. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, नर्सा, सगळ्या शिकल्या. पुरुषांनी रस्त्यात घाणेरडं बोलून घेतलं, पण मग पाणी आणणं, बाजार, मुलांची शाळा हे सगळं त्याच सायकलवर व्हायला लागलं. तिथं एक शिकली की शेजारीण तिच्याकडून शिकायची. प्रेरणास्थान शेजारच्या घरात, तसबीर करायला वेळच नाही.

आणि मागणी एवढी वाढली की लेडीज सायकली मिळेनात. तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि कितीतरी जणींना त्याच जास्त पसंत पडल्या. कारण नळी! नळीवर लेकरू बसवता येतं.

चला, मी थांबते. त्या निळ्या जर्सीतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत. बोला, आणि बाथरूमचा प्रश्न असेल तर मोठ्यानं विचारा, सगळ्यांनाच ऐकायचाय.