पर्वतीवर पाऊस आला, मग?

(मंडळाच्या मेळाव्यात मराठी शाळेच्या पालकांसमोर केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. पुण्यात पेठेतल्या एका शाळेत मी २३ वर्षं मराठी शिकवलं. इथे लेकीकडे आल्यापासून नातीबरोबर तुमच्या रविवारच्या वर्गात जाऊन बसते. सुट्टीत पुण्याला जाऊन आलेल्या एका मुलाने त्या वर्गात लिहिलेलं वाचून दाखवते:

"मी पर्वतीवर गेलो. आजोबा होते. पायऱ्या खूप आहेत. पाऊस आला. आम्ही थांबलो. मजा आली."

सहा वाक्यं, चूक एकही नाही. इथे वाढलेल्या मुलाने हे लिहिलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण वाचताना वाण्याची यादी वाचल्यासारखं होतं. आजोबा बरोबर होते की वर भेटले? थांबलात कुठे? मजा कशाची आली? मुलाला हे सगळं ठाऊक होतं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी शेजारी बसले आणि विचारत गेले. कोणाबरोबर? का? मग काय झालं? थोड्या वेळाने कागदावर आलं ते असं: "आजोबांबरोबर मी पर्वतीवर गेलो. शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, म्हणून आजोबा मध्ये मध्ये बसत होते. अर्ध्यावर पाऊस आला, पण आमच्याकडे एकच छत्री होती. ती आजोबांनी माझ्यावर धरली."

'म्हणून', 'पण', 'ती'. या तीन छोट्या शब्दांनी आजोबा डोळ्यांसमोर उभे राहिले.

त्यातल्या 'ती'बद्दल थोडं बोलते. तो-ती-ते मुलांना छळतं, अशी तुमची तक्रार असते. पण हे बघा: "मुठेवर एक जुना पूल आहे. तो आम्ही पायी ओलांडला." आता दुसरं: "मुठेवर एक जुना पूल आहे. ती पावसाळ्यात भरून वाहते." पूल की नदी, हे एका अक्षराने कळलं. इंग्रजीत दोन्हीला एकच सर्वनाम. लिंग पाठ करण्यापेक्षा त्याचा हा उपयोग मुलांना आधी दाखवा, मग ती स्वतःहून विचारतात, "आजी, छत्री तो की ती?"

दुसरी अडचण 'आणि'ची. "मी घरी आलो आणि हात धुतले आणि जेवलो आणि झोपलो." मराठीत याला सुंदर सोय आहे: "घरी येऊन, हात धुऊन जेवलो आणि झोपलो." मात्र दोन्ही कामं करणारा एकच हवा. "पाऊस येऊन आम्ही भिजलो" कानाला खटकतं, कारण आला पाऊस आणि भिजलो आम्ही. तिथे "पाऊस आल्यामुळे" हवं. 'म्हणून' आणि 'कारण' यांचंही तसंच. "पाऊस आला, म्हणून थांबलो" हेच उलटं सांगताना "थांबलो, कारण पाऊस आला होता" असं होतं. क्रियापद बदललं, कारण आधी काय घडलं ते आता मागे वळून सांगायचं आहे. नियम सांगू नका, वाक्य उलटसुलट करून मोठ्याने म्हणायला लावा. कान शिकतो.

हे नुसतं व्याकरण नाही. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती तेव्हा जेमतेम १४ वर्षांची होती. तिचा मुद्दा कसा चालतो पाहा. वेदांवर अधिकार फक्त ब्राह्मणांचा असेल, तर आमच्याजवळ धर्मपुस्तक नाही. धर्मपुस्तक नाही, तर आम्ही धर्माविना आहोत. ही तिची वाक्यं नव्हेत, आशय मी माझ्या शब्दांत सांगते आहे. पण ते 'तर' काढून टाका, फक्त एक गाऱ्हाणं उरेल. 'तर' आहे म्हणून उत्तर द्यावं लागतं. चौदा वर्षांच्या मुलीने मोठ्यांना उत्तर द्यायला भाग पाडलं, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

माझी एक चूकही सांगते. सुरुवातीची काही वर्षं मी तयार निबंध फळ्यावर लिहून देत असे. अप्पा बळवंत चौकात तशी पुस्तकं हवी तेवढी मिळतात, त्यांतलेच. मुलांनी ते पाठ केले, गुण मिळवले. एका पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि मुठा दुथडी वाहिली. लकडी पुलावरून ते पाणी पाहून आलेल्या त्याच मुलांना मी म्हटलं, पुराबद्दल चार ओळी लिहा. वर्ग गप्प. एक मुलगी म्हणाली, "बाई, हा निबंध तुम्ही दिलेला नाही." त्या दिवसानंतर मी फळ्यावर एकही निबंध लिहिला नाही.

तेव्हा कृपा करून घरी मुलांना निबंध लिहून देऊ नका. आठवड्यातून एकदा पाच वाक्यं त्यांची त्यांना लिहू द्या आणि तुम्हाला खरंच जे कळलं नाही, तेवढंच विचारा. शुद्धलेखन नंतर बघू.

जेवणानंतर मी वरच्या खोलीत मुलांबरोबर बसणार आहे. आजचा विषय 'आज इथे येताना'. पालकांनीही यावं, फक्त पेन्सिल मुलांच्याच हातात असू द्या.