भर उन्हाळ्यातला नाताळ

मंडळी नमस्कार. आयोजक मला म्हणाले डिसेंबर आहे, तुम्ही मेलबर्नहून सुट्टीला आलाच आहात, तर तिकडच्या नाताळावर बोला. मी म्हटलं बोलतो, पण बर्फ, शेकोटी, लोकरीचे मोजे यातलं काहीही मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो. तिकडे डिसेंबर म्हणजे आपला एप्रिल-मे. शाळांना मोठी सुट्टी लागलेली, आंबा बाजारात आलेला, एसी फुल, आणि निम्मं गाव समुद्रावर. वर्ष संपतं, परीक्षा संपतात, उन्हाळा तापतो आणि नाताळ येतो, सगळं एकाच वेळी. आपल्याकडे दिवाळी, मे महिना आणि आयपीएल एका आठवड्यात टाकली तर जी धांदल होईल ती तिकडे दरवर्षी होते.

आता गंमत अशी की हा सण तिकडे आला तो थंडीचा सण म्हणून. १७८८ साली इंग्रजांनी सिडनीला वसाहत केली, सोबत कैदी आणले, शिपाई आणले आणि इंग्लंडचं कॅलेंडरही आणलं. कॅलेंडर तेच राहिलं, ऋतू मात्र उलटा. तरी पुढची कित्येक वर्षं लोक अडतीस डिग्रीत ओव्हन लावून टर्की भाजत बसले, कार्डांवर बर्फाची चित्रं पाठवत बसले. अजूनही सुपरमार्केटात काचेवर मारायचा बर्फाचा स्प्रे मिळतो, बाहेर लोक बनियनवर आणि काचेवर बर्फ. मॉलमधल्या सांताची मला खरंच दया येते, तो जाड लाल कोट, ती दाढी, आणि मांडीवर घामेजलेली पोरं. हां, २००६ साली मात्र अशी कमाल झाली की ऐन पंचवीस डिसेंबरला व्हिक्टोरियाच्या, म्हणजे आमच्या मेलबर्नच्या राज्याच्या, डोंगरावर खराखुरा बर्फ पडला, आणि तोही आसपास वणवे पेटलेले असताना. मेलबर्नचं हवामान म्हणजे काय ते यावरून समजून घ्या.

मेलबर्नात बर्क स्ट्रीटवर मायर नावाचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर आहे, त्याच्या शोकेसमध्ये दर नाताळला हलणाऱ्या बाहुल्यांचे देखावे असतात. १९५६ ला ऑलिंपिक मेलबर्नला झालं त्या वर्षी सुरू झालं ते. बाबागाड्यांची रांग लागते, आजी नातवाला सांगत असते की मी पण लहानपणी इथेच उभी होते. गणपतीचे देखावे बघायला आपण फिरतो तशीच हौस, फक्त इथे काचेपलीकडे एसी आणि अलीकडे ऊन.

दुसरी गोष्ट मेणबत्त्यांची. १९३७ च्या नाताळच्या आदल्या रात्री नॉर्मन बँक्स नावाचा रेडिओ निवेदक ड्युटी संपवून घरी चालला होता. वाटेत एका खिडकीत त्याला एक म्हातारी बाई दिसली, बिछान्यात बसलेली, बाजूला मेणबत्ती, रेडिओवर कॅरल म्हणजे नाताळचं गाणं लागलेलं आणि ती सोबत गुणगुणतेय. त्याच्या डोक्यात आलं की असं एकट्याने गाण्यापेक्षा सगळ्यांनी एकत्र बसून गायलं तर? पुढच्या वर्षी १९३८ ला बागेत कार्यक्रम ठेवला तर दहा हजारांच्या आसपास माणूस जमला. तेच आज चोवीस डिसेंबरला मेलबर्नातल्याच सिडनी मायर म्युझिक बाउल या उघड्या रंगमंचावर होतं, टीव्हीवर लाइव्ह असतं, आणि अंध मुलांसाठी निधी जमतो. आता पंचाईत काय, की डिसेंबरात मेलबर्नला सूर्य मावळतो पावणेनऊला, घड्याळं तासभर पुढे केलेली असतात ना. त्यामुळे लोक मेणबत्त्या घेऊन गॉगल लावून बसलेले असतात, आणि अंधार पडेपर्यंत लहान पोरं झोपून जातात. घरांवर रोषणाई करणाऱ्यांचंही तेच, बघायला जायचं तर साडेनऊ शिवाय बाहेर पडण्यात अर्थ नाही.

खाण्याकडे येऊ, तुम्ही वाटच बघताय. टर्की हळूहळू मागे पडली आणि कोळंबी पुढे आली, थंडगार, उकडलेली, सोलायची आणि खायची. सिडनीच्या मासळी बाजारात तेवीसच्या पहाटे पाचपासून चोवीसच्या संध्याकाळी पाचपर्यंत सलग छत्तीस तास विक्री चालते, रात्री तीनला लोक कूलर बॉक्स घेऊन रांगेत, तुम्ही ससून डॉक पाहिलंय तर कल्पना येईल, फक्त आवाज कमी आणि पार्किंगची भांडणं जास्त. दुसरं म्हणजे हॅम, डुकराचं खारवलेलं मांस. अख्खी मोठी तंगडी आणतात, पंचवीसला कापतात, आणि उरलेली ठेवायला एक खास कापडी पिशवी असते. तिला हॅम बॅगच म्हणतात. व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून पिळायची, त्यात हॅम गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचा, दोन-तीन दिवसांनी पिशवी धुवून पुन्हा भिजवायची. मग नवीन वर्ष उजाडेपर्यंत हॅम सँडविच, हॅम ऑम्लेट, हॅमचं सूप. शेजारी राहणारी बाई एकतीस तारखेला हॅमचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवते.

पाव्हलोव्हा नावाचा गोड पदार्थ आहे, अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत मेरिंग, वर क्रीम आणि फळं. अॅना पाव्हलोव्हा ही रशियन नर्तिका १९२६ ला तिकडे दौऱ्यावर आली होती, तिच्या नावाचा. आता तो आधी ऑस्ट्रेलियात झाला की न्यूझीलंडमध्ये यावर दोन्ही देश हिरिरीने भांडतात, बंगाल आणि ओडिशा रसगुल्ल्यावरून भांडतात ना तसंच. मी त्यात पडत नाही, दोन्हीकडे नातेवाईक आहेत.

आणि आंबा. हो, डिसेंबरात. तिकडचा घरोघरी खाल्ला जाणारा आंबा म्हणजे केन्सिंग्टन प्राइड, लोक त्याला बोवेन म्हणतात, क्वीन्सलंडमधल्या बोवेन गावावरून. आणि तो मूळचा आपल्याकडून गेला असं मानतात. ब्रिटिश फौजेला घोडे लागायचे, ते ऑस्ट्रेलियातून जहाजाने हिंदुस्थानात यायचे, न्यू साउथ वेल्सचे म्हणून वेलर म्हणायचे त्यांना. त्याच व्यापाराच्या जहाजांतून आंबा तिकडे पोचला असं सांगतात. चवीला? हापूसची सवय असलेल्या माणसाने जास्त बोलू नये. गोड आहे, रसाळ आहे, आमरस बरा होतो, आणि पंचवीस डिसेंबरला आमरस-पुरी खायला मिळते याचं मोल आहेच.

झाडं आणि किडे तिकडे स्वतःच नाताळ साजरा करतात, कोणी सांगावं लागत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये ख्रिसमस बुश नावाचं झुडूप डिसेंबरात लालेलाल होतं. पर्थकडे एक झाड आहे, डिसेंबरात नारिंगी-पिवळ्या फुलांनी पेटल्यासारखं दिसतं. वसाहतवाल्यांनी त्याला ख्रिसमस ट्री नाव दिलं, तिथल्या नूंगार आदिवासींचं त्याचं नाव मूजर. हे झाड अर्धं परोपजीवी आहे, मुळांनी शेजारच्या झाडांची मुळं पकडून पाणी ओढतं, आणि इतकं अधाशी की जमिनीखालच्या केबललाही मूळ समजून कापतं. नूंगार लोक मात्र त्याची फुलं तोडत नाहीत, गेलेल्या माणसाचा आत्मा पुढच्या प्रवासाआधी त्या झाडावर थांबतो असं ते मानतात. मला विचाराल तर प्लास्टिकच्या पाइनपेक्षा हे झाड कधीही जास्त खरं. तसेच ते सोनेरी ख्रिसमस बीटल, पूर्वी दिव्याभोवती ढिगाने यायचे, आता जुने लोक म्हणतात पोरांना दाखवायला एक सापडत नाही, म्हणून २०२२ पासून शास्त्रज्ञांनी लोकांनाच फोटो काढून पाठवायला सांगितलंय.

पण या उन्हाळ्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे व्याख्यान म्हणजे टुरिझमची जाहिरात होईल. १९७४ च्या नाताळच्या आदल्या रात्री डार्विन शहरावर ट्रेसी नावाचं चक्रीवादळ आलं, ६६ माणसं गेली, शहराची सत्तर टक्क्यांहून जास्त घरं-इमारती पडल्या, आणि मग तीस हजारांवर लोकांना बाहेर हलवावं लागलं. भेटवस्तू झाडाखाली तशाच आणि वर छप्पर नाही.

आणि वणवे. वणवा कसा चालतो ते सांगतो, कारण इथे बसून त्याची कल्पना येत नाही. निलगिरीच्या पानात तेल असतं, साल लांब पट्ट्यांनी सुटते, त्या पेटलेल्या पट्ट्या वाऱ्याने उडून काही किलोमीटर पुढे जाऊन नवी आग लावतात. व्हिक्टोरियात वाईट दिवशी उत्तरेकडून वाळवंटातला गरम वारा येतो, आग दक्षिणेकडे एका लांब चिंचोळ्या पट्ट्यात धावते. मग संध्याकाळी गार वारा येतो नैर्ऋत्येकडून, टेंपरेचर एकदम खाली, शहरातले लोक हुश्श करून खिडक्या उघडतात. पण तिकडे रानात त्याच गार वाऱ्याने त्या लांब पट्ट्याची अख्खी बाजू पुढे वळते आणि शेपटासारखी आग भिंतीसारखी होऊन चालून येते. अनेकदा माणसं मरतात ती या वळणावर. आम्ही ज्याला आराम म्हणतो तो तिथे काळ असतो.

२०१९-२० चा उन्हाळा तर विचारूच नका. तीन वर्षांचा दुष्काळ, वर २०१९ हे तिथलं सगळ्यात गरम आणि सगळ्यात कोरडं वर्ष. एकतीस डिसेंबरला मालाकूटा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात, जिथे लोक सुट्टीला तंबू ठोकून राहतात, तिथे सकाळी काळोख झाला आणि मग आकाश लाल झालं. चार हजारांच्या आसपास माणसं पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, काही बोटीत चढली. रस्ते बंद, शेवटी नौदलाच्या जहाजाने हजाराहून जास्त लोकांना काढलं. त्याच रात्री सिडनीत आतषबाजी झाली, ती रद्द करा म्हणून सह्यांची मोहीमही झाली होती. त्या उन्हाळ्यात आगीत ३३ माणसं गेली आणि तीन हजारांवर घरं. आग विझवणारे बहुतेक कोण होते? स्वयंसेवक. शेतकरी, शिक्षक, प्लंबर, पगार नाही. आणि हेच लोक डिसेंबरात आपल्या बंबावर सांताला बसवून गल्लीगल्लीतून हिंडवतात, पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटतात. तिकडचा सगळ्यात ऑस्ट्रेलियन नाताळ मला त्या बंबावरच दिसतो, सायरन वाजतो आणि पोरं घाबरण्याऐवजी अनवाणी पळत गेटवर येतात.

आता सव्वीस डिसेंबर. या हॉलमध्ये अर्ध्या लोकांना ऑस्ट्रेलिया माहिती आहे ती या एका तारखेमुळे, पहाटे चारचा अलार्म लावून उठणारे हात वर करा. बघा. १९८० पासून एक वर्ष सोडलं तर दरवर्षी एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, सव्वीसला टेस्ट असते. सचिनने १९९९ ला तिथेच ११६ केले, सेहवागने २००३ ला पहिल्याच दिवशी १९५. पण त्या मैदानावरची बॉक्सिंग डेची, म्हणजे या सव्वीस डिसेंबरची, सगळ्यात जुनी गोष्ट वेगळी आहे. १८६६ ला सव्वीस डिसेंबरला तिथे आदिवासी खेळाडूंची टीम मेलबर्न क्रिकेट क्लबविरुद्ध उतरली होती, पहिल्या टेस्टच्याही दहा वर्षं आधी. त्यातला जॉनी मुलाघ, त्याचं स्वतःचं नाव उनारिमिन, १८६८ ला आदिवासी टीमबरोबर इंग्लंडला गेला. ऑस्ट्रेलियाची ती पहिली क्रिकेट टीम जी इंग्लंड दौऱ्यावर गेली. ४७ मॅच खेळले, १४ जिंकल्या, १४ हरले, बाकी ड्रॉ, आणि मुलाघने एकट्याने १६९८ रन आणि २४५ विकेट. परत आल्यावर या लोकांना काय वागणूक मिळाली तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि आनंदाचा नाही.

दीडशे वर्षांनी मुलाघच्या नावाने मेडल सुरू झालं, बॉक्सिंग डे टेस्टच्या सर्वोत्तम खेळाडूला, त्या १८६८ च्या टीमच्या पट्ट्याच्या बक्कलसारखं बनवलेलं. आणि पहिलं मेडल कोणाच्या गळ्यात? २०२०, आदल्या टेस्टला अॅडलेडला छत्तीसवर ऑलआउट, कोहली घरी गेलेला, कोविडमुळे स्टेडियम अर्धंसुद्धा नाही, आणि कॅप्टन कोण तर डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे. ११२ काढले, स्वतः रनआउट झाला तर जडेजाच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे निघून गेला, आणि मॅच आठ विकेटनी जिंकली. टाळ्या वाजवा, मी थांबतो.

घराच्या मागच्या अंगणातलं क्रिकेटही याच दिवसांत. कचऱ्याचा चाकांचा डबा म्हणजे स्टंप, कुंपणाबाहेर मारला तर सिक्स पण आउट, आणि एका हाताने एक टप्पी कॅच आउट. म्हणजे आपली वन टप आउट तिकडेही आहे, फक्त एका हाताची अट आहे. काका दारू पिऊन अंपायरिंग करतात एवढाच फरक.

त्याच दिवशी सिडनीहून होबार्टला शिडाच्या बोटींची शर्यत निघते, १९४५ पासून, ६२८ सागरी मैल. १९९८ ला वादळात सापडून सहा जण गेले, तरी पुढच्या वर्षी निघालीच.

मराठी लोक काय करतात असं कोणीतरी चिठ्ठीत विचारलंय. करतात सगळं. पण आमची खरी परीक्षा जानेवारीत असते. संक्रांत म्हणजे काळे कपडे, ऊब धरणारे, आणि तीळगूळ, अंगात उष्णता आणणारा. आता हे चाळीस डिग्रीत करा. हॉलमध्ये हळदीकुंकवाला काळ्या सिल्कच्या साड्या, गूळ बोटाला चिकटतोय, आणि बायका पदराने वारा घेत 'तीळगूळ घ्या' म्हणतायत. बर्फाचा स्प्रे मारणाऱ्या गोऱ्याला मी हसलो ना मघाशी, तर माझी बायको मला हेच दाखवते. काळी साडी सोडायची का यावर मंडळात दरवर्षी चर्चा होते, आणि दरवर्षी काळीच नेसतात.

शेवटची चिठ्ठी, मुलाकडे डिसेंबरात जाणार आहेत, एमसीजीला कुठली तिकिटं काढू. काका, तिकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो हे लक्षात ठेवा. दक्षिणेकडच्या शेन वॉर्न स्टँडमध्ये खालच्या रांगेत बसलात तर दिवसभर ऊन तोंडावर. वरचा मजला घ्या, मागची रांग, छपराखाली. टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली. आणि सकाळी घरातून निघताना स्वेटर पण घ्या, चार वाजता वारा फिरला की आठवण येईल.