चुकणारी कांडी, पळणारा जादूगार

(दृश्य : अंधारी विंग. खुंटीला टांगलेली शंकूसारखी टोपी. बाहेरून एक हात दोरा सैल सोडतो, टोपीचं टोक मान टाकतं.)

घाबरली. आत डोकं नाही, तरी घाबरली.

दादरमधलं एक नाट्यगृह. मे महिना, शाळांना सुट्टी, सकाळचा प्रयोग. आजच्या बालनाट्याचा नायक जादूगार आहे आणि त्याला जादू येत नाही. राक्षसाचं नुसतं नाव निघालं की पहिला धूम ठोकतो तो हाच. पण गावानं टोपी पाहिली, कांडी पाहिली आणि राक्षसाला हरवायची सुपारी यालाच दिली.

मराठी बालरंगभूमीला जादूटोणा नवा नाही. सुधा करमरकरांनी 1959 साली लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हापासून चेटकिणी इथे मुक्कामालाच आहेत. दिलीप प्रभावळकरांची चेटकीण तर आजच्या आजोबांनीही पाहिलेली. पण चेटकीण कशीही असो, कामात पक्की. मंत्र म्हटला की माणसाचा बेडूक होणारच. भित्र्यांचं घराणं वेगळं, आणि फार जुनं. शाकुंतलातला विदूषक आठवा. आश्रमात राक्षस आल्याची बातमी कळते आणि तिकडे जायची त्याची सगळी हौस जागच्या जागी आटते. इंग्रजीत टेरी प्रॅचेट यांनी 1983 मध्ये कादंबरीत रिन्सविंड आणला : जादूच्या विद्यापीठात शिकलेला, मंत्रात ढ, पळण्यात पटाईत.

अशा माणसाला रंगमंचावर उभं करायचं, तर जादू चुकवावी लागते. आणि चुकलेली जादू बरोबर ठोक्यावर पडावी लागते. ते काम ज्यांचं, ते या अंधारात उभे आहेत.

(दृश्य : टेबलावर ब्राऊनपेपर, पट्टी, खडू. कात्री चालते.)

टोपीपासून बघू. नटाच्या डोक्याचा घेर 56 सेंटिमीटर, टोपीची उंची 40. म्हणजे कागदावर 41 सेंटिमीटर त्रिज्येचा, 78 अंशांचा पाचर कापायचा, शिवणीसाठी दीड सेंटिमीटर जास्त. आत बकरम, म्हणजे कडक अस्तर, पण खालच्या दोन तृतीयांशातच. वरचा भाग मुद्दाम लुळा. टोकापासून तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा, निघते, टोपीच्या मागच्या बाजूनं, बाहेरून मानेवर, तिथून पाठीवरून बाहीत. मनगट ओढलं की टोक ताठ, सोडलं की गळालं. तंगुशीची गाठ सुटते, म्हणून टोक मेणबत्तीवर धरून त्याचा मणी करतात. आणि आडवा प्रकाश पडला की ती चकाकते, पहिल्या रांगेतलं पोर लगेच ओरडतं, "दोरी! दोरी!" त्यावर उपाय काळ्या मार्करचा. दर दोन-तीन प्रयोगांनी परत फिरवायचा, घामानं जातो.

(दृश्य : अगदी जवळून, हातात कांडी. अंगठा सुटतो. सात तुकडे लोंबकळतात.)

हे परत पाहा.

35 सेंटिमीटरची गोल काठी, पाच-पाच सेंटिमीटरचे सात तुकडे. प्रत्येकाच्या बरोब्बर मध्ये चार मिलिमीटरचं भोक. त्यातून दोन मिलिमीटरची विणलेली नायलॉनची दोरी. एक टोक शेंड्याला पक्कं, दुसरं मुठीकडून बाहेर, त्याला कडी. कडी ओढून अंगठ्याखाली दाबली की कांडी सरळ. अंगठा उचलला की जादूगाराची अब्रू गेली.

सोपं दिसतं. पण एक तुकडा जरी तिरका कापला गेला, तरी कांडी ताणूनही वाकडीच राहते. सुती दोरी भोकाच्या कडेवर घासून तुटते, म्हणून नायलॉन, आणि कडाही कानशीनं मोडलेल्या. मुंबईच्या दमट हवेत दोरी कधी भोकात अडकते. मग अंगठा सुटला तरी कांडी ताठच! बिचारा जादूगार अचानक यशस्वी. म्हणून प्रयोगाआधी दोरीला मेण चोळायचं. विंगेत दुसरी, अखंड कांडी ठेवलेली असते, ती पहिल्या अंकापुरती. दोघींची अदलाबदल होऊ नये म्हणून अखंड कांडीच्या मुठीला चिकटपट्टी. काळोखात बोटांना कळते.

(दृश्य : तालीम. जादूगार उजवीकडे कांडी रोखतो. शांतता. डावीकडे, त्याच्या पाठीमागे, धूर.)

आता हे बघा. मंत्र संपला. एक : सगळे थांबलेत. दोन : तो कांडीकडे बघतो. तीन : कांडी डोळ्याजवळ नेतो. चार : कोपर खाली. फट्‌!

क्यू, म्हणजे स्फोटाचा इशारा, कोपरावर आहे, शब्दावर नाही. शब्दावर दिला तर फसतो, कारण पोरांच्या हशात शब्द ऐकूच येत नाही. साऊंडवाला आणि लाइटवाला दोघंही त्या एका कोपरावर नजर लावून बसतात. तिनावर स्फोट झाला तर पोरं दचकतात, पाचावर झाला तर ती आईशी बोलायला लागलेली असतात.

धुराचं यंत्र आधी तापवावं लागतं, आणि एक लांब फवारा सोडला की ते पुन्हा तापेपर्यंत रुसतं. म्हणून दोन आखूड फवारे. चाचणी घ्यायची ती एसी चालू ठेवून. बंद एसीत धूर शहाण्यासारखा वर जातो, प्रयोगाला मात्र झोत लागून सरळ राक्षसाच्या तोंडात.

(दृश्य : जादूगार पळतोय. पाय दिसतात, मग झगा.)

मंचाची रुंदी साधारण 30 फूट. सरळ धावलं तर दोन-तीन सेकंदांत पलीकडच्या विंगेत, आणि तिथे अंधारात लोखंडी स्टँड. म्हणून पाय भराभर, अंतर कमी. गुडघे उंच, पाऊल दीड फुटाचं, वीस पावलांत मंच पार. झगा पुढून घोट्याच्या चार बोटं वर, मागून लोळणारा. पुढून लांब ठेवला तर तिसऱ्या पावलाला नट तोंडावर. पडायचं ते मांडीवरून कुल्ल्यावर, तळहात कधीच टेकायचा नाही, मनगट जातं.

आणि तो डावीकडून गेला न गेला तोच उजवीकडून कसा उगवतो? दुसरा माणूस आहे. तसाच झगा, तशीच टोपी, नाकापर्यंत ओढलेली. बॅकस्टेजचाच मुलगा. जाहिरातीत त्याचं नाव नसतं.

(दृश्य : राक्षस. झग्याचं टोक दारात अडकलेलं.)

भित्रा नायक शेवटी थांबतो तो धैर्यानं नाही. झगा दारात अडकलाय म्हणून. पहिल्या अंकात आगीऐवजी कांडीतून फुलं निघाली होती, तेव्हा सगळे हसले होते. आताही फुलंच निघतात. राक्षसाला शिंक येते. दुसरी येते. तिसरीला तो तोल जाऊन विहिरीत. फुलं आधी पेरली नसती तर ही शिंक फुकटची वाटली असती. लहान पोरांना असली लबाडी मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

(दृश्य : टाळ्या. लगेच हातोडे, दोऱ्या. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, उतरतात.)

दुपारच्या नाटकाचा सेट दारात उभा आहे, त्याआधी मंच मोकळा हवा. प्रयोग झाला तर नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, मिळते, रद्द झाला तर बुडते.

(दृश्य : रस्त्यावर टेम्पो. राक्षसाचं डोकं आधी चढतं. मग ट्रंक. सगळ्यात शेवटी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोपी, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर.)

टोपी मागे टाकत नाहीत. बकरम एकदा मोडलं की सरळ होत नाही.