एका कलमाचा अर्थ
निवेदन

कराराच्या शेवटच्या पानांत एक ओळ आहे: गौरवशाली शरियतच्या तत्त्वांच्या अधीन राहून हा करार इंग्लंडच्या कायद्यानुसार चालेल. बहारीनच्या शामिल बँकेने बांगलादेशातील बेक्झिमको समूहाच्या कंपन्यांशी केलेल्या व्यवहारातील ही ओळ आहे, आणि तिचा अर्थ लावायचे काम लंडनच्या न्यायाधीशांवर आले.

व्यवहार मुराबहा पद्धतीचा होता. मुराबहात बँक रोख कर्ज देत नाही. ग्राहकाला हवा असलेला माल ती स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा चढवून तोच माल ग्राहकाला उधारीवर विकते, कारण शरियतने रिबा, म्हणजे व्याज, निषिद्ध मानले असले तरी व्यापारातील नफा वैध मानला आहे. त्यासाठी माल काही काळ तरी खरोखर बँकेच्या मालकीचा असावा लागतो. केवळ कागदोपत्री खरेदी दाखवली, तर मुराबहा आणि व्याजी कर्ज यांत फरक उरतोच कुठे?

पैसे थकल्यावर कंपन्यांनी नेमका हाच बचाव मांडला: हे नाव बदललेले व्याजी कर्ज आहे, म्हणून शरियतनुसार ते वसूल करता येत नाही. २००४ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. कोणत्या व्यवहाराला कोणता कायदा लागू होईल हे ठरवणाऱ्या युरोपीय देशांच्या १९८० च्या रोम करारानुसार निवडायचा कायदा एखाद्या देशाचा असावा लागत असे, आणि शरियत हा कोणत्याही एका देशाचा कायदा नव्हे. शरियतचे नेमके नियम अटी म्हणून करारात उतरवले असते तर गोष्ट वेगळी होती. मोघम उल्लेख त्यासाठी पुरत नाही. आम्हाला हा निकाल कायद्याला धरून वाटतो, पण व्याज नको म्हणूनच अशा बँकेत पैसे ठेवणाऱ्या श्रद्धाळू ठेवीदाराच्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही, ही खंत राहते.

२००९ मध्ये शरियत वेगळ्या वाटेने लंडनच्या न्यायालयात आली. कुवेतच्या इन्व्हेस्टमेंट दार कंपनीने म्हटले की, आपल्या स्थापनेच्या दस्तऐवजानुसार शरियतबाह्य व्यवहार करण्याचा आपल्याला अधिकारच नाही, म्हणून आपण केलेला वकाला करार, म्हणजे दुसऱ्याचे पैसे त्याचा प्रतिनिधी म्हणून गुंतवण्याचा करार, टिकत नाही. पूर्ण सुनावणीविना हा मुद्दा बाजूला सारता येणार नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले.

मलेशियाने वेगळा मार्ग धरला. तेथील २००९ च्या केंद्रीय बँक कायद्यानुसार इस्लामी बँक व्यवहारात शरियतचा प्रश्न उद्भवला की न्यायालयाने केंद्रीय बँकेच्या शरियत सल्लागार मंडळाचे प्रसिद्ध निर्णय विचारात घ्यायचे किंवा प्रश्न मंडळाकडे पाठवायचा, आणि मंडळाचे मत न्यायालयावर बंधनकारक असते. न्यायदानाचा अधिकार असा मंडळाच्या हाती देता येतो का, या आक्षेपावर मलेशियाच्या सर्वोच्च असलेल्या संघीय न्यायालयाने २०१९ मध्ये बहुमताने ही तरतूद वैध ठरवली; अल्पमतातील न्यायाधीशांना मात्र ती न्यायालयाच्या अधिकारावरील अतिक्रमण वाटली.